‘नको’ शेवटी येतं

बाबा भोगव्याच्या तरीवर होते.
पलीकडे देवबाग, मधे कर्लीचं मुख,
आणि वारा, जो कुणाचंच वाक्य
पुरतं पलीकडे जाऊ देत नसे.

त्या संध्याकाळी पास्कू फर्नांडिस
तोंडाशी हात धरून ओरडला:
येव नको.
वाऱ्याने ‘नको’ खाल्लं.
‘येव’ तेवढं पोचलं.
बाबांनी होडी सोडली.
सुकती लागली होती. वाळूच्या दांड्यावर
होडी बसली ती पहाटेपर्यंत:
चार माणसं, एक शेळी,
आणि कुणाचं तरी नवंकोरं शिलाई मशीन, ताडपत्रीत.

पास्कू महिनाभर सांगत सुटला,
मी नको म्हटलेलंय, देवाशपथ म्हटलेलंय.
बाबा विडी पेटवून म्हणाले,
‘तू म्हटलंस रे. माका गावलां नाय.’
आणि मग, जरा वेळाने,
‘आधी थांब म्हणाचां. कारण मगे सांगाचां.’

हे मी ट्रेनिंगमध्ये कुणाला सांगितलं नाही.
तिथे जाडजूड पुस्तक होतं, त्यातलं पाठ केलं.

आता मी सड्यावर, काचेच्या खोलीत.
खाली तापलेला कातळ, एक धावपट्टी,
दूरवर समुद्राची रेघ.
विमानं मोजकी. वैमानिक कधी इम्फाळचा,
कधी तिरुचीचा. त्याच्या घरची भाषा मला येत नाही,
माझी मालवणी त्याला कुठून येणार?
मधे शे-दीडशे शब्द, इस्त्री केलेले,
ज्यांना दुसरा अर्थ शिवलेलाच नाही.
नऊला नाइनर म्हणायचं, शेपूट लावून,
म्हणजे खरखरीत तो पाचात मिसळत नाही.
आणि ‘टेकऑफ’ कुलपात.
निघायच्या गप्पा सगळ्या ‘डिपार्चर’वर भागवायच्या.
तो शब्द काढायचा परवानगी देताना,
नाहीतर दिलेली परत घेताना.
एरवी चुकूनही नाही.

हर्षद मेस्त्री नवा आला, गोड पोरगा,
माइकवर म्हणाला, ‘ओके सर, नो प्रॉब्लेम.’
मी विचारलं, ओके म्हणजे काय?
ऐकलंस? करतोस? की त्याचं बरोबर आहे म्हणतोस?
तो हसला. मग हसायचा थांबला.

मलाही हे सोपं गेलेलं नाही.
मी ज्या घरातली, तिथे बांगडी फुटत नाही, वाढते.
उंबऱ्यावर कुणी ‘जातंय’ म्हणत नाही,
निघतानाही ‘येतंय’ म्हणतात.
कुलपात ठेवलेले शब्द आमच्याकडेही होतेच की.

परवा सकाळी, सात चाळीसला,
विमान रनवेच्या तोंडाशी उभं, परवानगी दिलेली,
आणि काजूच्या रानातून एक कोल्हा
रमतगमत धावपट्टीवर. मधोमध बसला.
मी म्हटलं: होल्ड पोझिशन.
कॅन्सल टेकऑफ, आय से अगेन, कॅन्सल टेकऑफ.
पुढे कोल्ह्याचं सांगत होते
ते सगळं खरखरीत गेलं.
गेलं तर गेलं. त्याने वाचून दाखवलं: होल्डिंग.
विमान जागचं हललं नाही.
कोल्ह्याने कान खाजवला, आणि तो
आपल्या सवडीने पलीकडे गेला.

हात नंतर थरथरले. हर्षदने चहा आणला,
काही बोलला नाही. रजिस्टरात मी लिहिलं:
वेळ, कॉलसाइन, कोल्हा एक.

संध्याकाळी घरी फोन लावला.
बाबांना आता उजव्या कानाने ऐकू येत नाही.
‘बाबा, येतंय हां.’
‘येतंस म्हणजे? घराक काय ड्युटीक?’
‘घराक. आठांक.’
‘साताक?’
‘नाय. आठ. आठांक.’
‘आठांक घराक,’ बाबा म्हणाले.
मी म्हटलं, बरोबर.
मग त्यांनी फोन ठेवला.