छाट

टेबलावर तीन कंपन्या.
पहिलीच्या पुस्तिकेवर समुद्रकाठी हसणारं म्हातारं जोडपं,
आमच्या गल्लीत सगळ्यांचे मिळून नसतील
इतके दात त्या दोघांना.
दुसरीचा फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत.
तिसरी नुसतीच फोनमध्ये राहते.

एजंट कल्लाप्पा हुल्लोळी म्हणाला, पंखा नको, कागद उडतात.
आईनं लावला.
कागदांवर तिनं अडकित्ता ठेवला, चष्म्याचं घर ठेवलं,
आणि वारं अंगावर घेत बसली.

वय काय लिहायचं?
बिडी कामगाराच्या कार्डावर एकोणसत्तर,
आधारवर बाहत्तर, तारीख एक जानेवारी.
आई म्हणते, थोरल्या म्हशीला रेडा झाला त्या साली.
रेडा आणि आधार यांच्यात
हप्त्याला चार हजारांचा फरक.

आधीचे आजार : बीपी. मोतीबिंदू, डावा, काढलेला. दमा.
दम्याला तीन वर्षं थांबावं लागतं, कल्लाप्पा म्हणाला.
"मग सांगा की त्याला तसं," आई म्हणाली.

मी हॉस्पिटलांची यादी काढली.
पहिलीचं कोल्हापुरात : चाळीस किलोमीटर,
मध्ये कोगनोळीचा नाका आणि दूधगंगा.
दुसरीचं बेळगावात : पंचाहत्तर, मध्ये वंटमुरीचा घाट.
म्हणजे रात्री दोन वाजता हायवेला लागल्यावर
ॲम्ब्युलन्सनं कुठं वळायचं?
निपाणीनं हाच प्रश्न मोर्च्यांत विचारला,
भिंतींवर लिहिला, त्यासाठी लाठ्या खाल्ल्या.
मी तो हप्त्यांच्या तक्त्यात विचारत होते,
पेन्सिलीनं.

तेवढ्यात पुण्याहून भावाचा फोन.
ताई, बाकी सोड, क्लेम रेशो बघ.
ते काय असतंय, आईनं विचारलं.
मी सांगितलं : हजार जणांनी पैसे मागितले
तर किती जणांना दिले, किती जणांना परत पाठवलं.

आई सरळ बसली.
"म्हंजे छाट."

मग तिनं कल्लाप्पाला सांगितलं, मला नव्हे.
दिवसभर वळलेल्या हजार बिड्या सुपात घेऊन
सांजेला कारखान्यात रांग.
चेकर मूठभर उचलायचा, बाजूला टाकायचा :
पान फाटलंय. तोंड मिटलं न्हाई. ही जाड, ही रोड.
छाटंचं पैसं न्हाईत,
आणि छाट घरी न्यायची बी न्हाई. ती त्यांचीच.
"कुठल्या कारखान्यात छाट किती, बोर्डावर लिवलेलं नसायचं.
पर बायकास्नी तोंडपाठ."
तिनं पुस्तिकेचा कागद अंगठा-तर्जनीत धरून
पानासारखा चोळून बघितला.
"बोला. तुमच्यात हजाराला छाट किती?"

कल्लाप्पानं कन्नडमध्ये कुणाला तरी फोन लावला.
बराच वेळ बोलला, पाठ करून, दारात उभा राहून.
परत आला तेव्हा
समुद्रकाठचं जोडपं त्यानं हळूच उचललं
आणि पिशवीत घातलं.

तो चहाचा कप ठेवायला आत गेला तेव्हा आई कुजबुजली :
"साहेबाला म्हणत होता, अज्जी शाणी हाय,
हितं ते खपायचं न्हाई."
चाळीस वर्षं कन्नड मुकादमाच्या हाताखाली काढलेली बाई,
तिला कन्नड येत नसेल असं त्याला का वाटलं?

दुसरी कंपनी ठरली. बेळगाव. घाट.
शंभरातले वीस आपले.

शेवटच्या पानावर एक ओळ राहिली होती.
तंबाखूचे सेवन : होय / नाही.

"मी कवा तोंडात घातली?" आई म्हणाली.
नाही लिहा की, कल्लाप्पा म्हणाला, ओढत न्हाईत ना त्या.
माझी झोळी ज्या आढ्याला बांधलेली होती
त्याच्याखाली जर्द्याचं पोतं असायचं.
शाळेत पोरी माझ्या वह्यांचा वास घेऊन शिंकायच्या.
रकाने दोनच.
मी पेन धरून बसले.

"पुसता येईल असं लिव," आई म्हणाली,
आणि खोकली,
तोंडावर पदर धरून, मान वळवून,
कागदापासून लांब,
जणू त्याला ऐकू गेलं असतं.