किनार

यंत्रांच्या प्रदर्शनाला मालकांनी मला नेलं,
कारण माग आजारी पडला तर मला तो नुसत्या आवाजावरून कळतो.
पासपोर्टवर फोटो : श्रीहरी येमुल, राहणार दत्तनगर, सोलापूर,
शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेला.

बुसानला तिसऱ्या दिवशी पहाटे झोप मोडली.
माग बंद असले की माझी मोडतेच.
मालक शाकाहारी, घोरत होते.
मी वासाच्या मागं मागं निघालो.

हे सगळं आता नागमणीला सांगतोय.
तिच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात कात्री.
सातशेच्या पुढं गेलीय, म्हणून मान वर करत नाही.

मी म्हणतो, छत एवढं मोठं
की आपल्या कारखान्याचे चार शेड मावतील,
आणि मागांच्या जागी रांगेनं काचेच्या टाक्या,
एकेकीत नळी, नळीतून बुडबुडे.
खेकड्यांच्या नांग्यांना रबर.
आठ पायांचं एक जनावर काच धरून वर चढत होतं,
बाई न बघताच त्याला आत ढकलायची,
ते परत चढायचं.

‘बायका होत्या विकायला?’
बायकाच. गुडघ्यापर्यंत रबरी बूट,
आपल्या सगुणा भोईणीसारखं पालथ्या मनगटानं नाक पुसायच्या.
पण सगुणाकडं उजनीची चिलापी, नशिबात असली तर मरळ,
अशोक चौकात गोणपाटावर, बर्फ वितळला की भाव खाली.
तिथं मासा पोहत पोहत गिऱ्हाइकाकडं बघतो.

एकीपुढं थांबलो. चांदीच्या पट्ट्यासारखा लांबच लांब मासा,
आत्ताच कुणी मागावरून उतरवल्यासारखा.
विचारायचं कसं? हिंदी सुचेना, इंग्रजी तर नाहीच,
तोंडातून घरचंच आलं : ‘एंता?’
तिनं बोटं दाखवली. सात का आठ, नक्की सांगता येत नाही,
एक बोट अर्धंच होतं.

मी ओले हात घेऊन तसाच उभा,
तर तिनं खांद्यावरचा टॉवेल काढून दिला.
मी पुसले नाहीत. किनार उलटली.
लेबल धुऊन गेलेलं, दोन टाके उरलेले.
अंगठ्यानं लूप दाबले, सोडले, परत दाबले.
कडेची शिवण नखानं मोजली.
ती हसायला लागली, शेजारणीला हाक मारली.
दोघी बघत राहिल्या :
मासळीबाजारात हा माणूस टॉवेल निवडतोय.

कारखान्यात सगळ्यांना सांगितलंय, आपलाच होता.
मल्लेशम बोल्लीनं तर चहा पाजला त्यावर.

नागमणी विडीला दोरा गुंडाळते, नखानं तोंड दाबते.
‘होता?’
‘होता की.’
‘खोटं.’

लूप आखूड होते. शिवणीत इंचाला तीन टाके जास्त.
कुठल्या देशाचा, कुणाच्या हातचा, कुणास ठाऊक,
काम मात्र चांगलं होतं.
हे मी कारखान्यात बोललो नाही.

थोडा वेळ नुसती कात्री वाजते.
मग ती विचारते, ‘आणि समुद्र? समुद्र कसा होता?’

बाजाराच्या मागच्या दारातून दहा पावलं,
असं मालकांनी नंतर विमानात सांगितलं.
माझा फोन वाजला होता, गाडी उभी होती,
मी पुढच्या दारानं पळालो.
पाणी लागलं ते पायांना, टाक्यांमधून सांडलेलं.

‘मग तेच की ते,’ ती म्हणते, ‘आणि कुठलं असणार?’

सूप बाजूला ठेवते. आकडा गेला तर गेला.
उंबऱ्याजवळचा माझा बूट उचलते,
चामड्यावर वाळलेली पांढरी रेघ
विडीचं तोंड दाबायच्या त्याच नखानं खरवडते,
जिभेला लावून बघते.

‘तंबाखूच लागालीय,’ म्हणते,
आणि दुसरा बूट मागते.