साखळीची रेषा

नेट फक्त खालच्या ठाण्यात येतं.
घंटा व्हायच्या आत धडा उतरवून घ्यायचा,
पुढे क्विरिला नदीवर फोन आंधळा.
केबिनला वर पोचायला सहा मिनिटं चाळीस सेकंद,
धडा नऊ मिनिटांचा.
म्हणून प्रत्येक सिद्धता माझ्याकडे दोन तुकड्यांत आहे,
मधे कुणाची तरी बटाट्याची पोती.

मास्तरांचा चेहरा मी पाहिलेला नाही.
फक्त हात. चौदाव्या धड्यात
अंगठ्याला चिकटपट्टी होती,
पंधराव्यात नव्हती. बरं वाटलं.
ते रशियन बोलतात; माझं शाळेतलं रशियन
गंजलेलं, त्यांच्यामागे लंगडत येतं.
मी थांबवलं की थांबतात.
खडू हवेत, शब्द अर्धा तोंडात.

जुजुना बाई कुणासाठी थांबल्या नाहीत.
म्हणायच्या, लामारा, तू आपली खिडकीजवळ बस.
बसले.
बावीस वर्षं बसलेय,
खिडकी तेवढी दोराला टांगली गेली.

बेसो विचारतो, मालिका बघतेस?
हो म्हणते. खोटं कुठे आहे,
रोज ऐन रंगात तुटते
आणि उद्याची हुरहूर लावून जाते.

परवा एकतिसावा धडा.
दोन खिळे, मधे सैल दोर.
हात म्हणाला, आकार ओळखा.
मला हसूच आलं. आयुष्य गेलं त्याच्याखाली.
नोंदवहीच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलं: अन्वस्त.
हात म्हणाला, सगळे हेच लिहितात. चूक.
ही साखळीची रेषा,
आपल्याच वजनाने वाकते ती.

दोन फेऱ्या मी कुणाशी बोलले नाही.

तिसऱ्या फेरीत, नदीच्या बरोबर मधे,
खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिलं.
दोर वाकला नव्हता. मोडला होता,
कोपरासारखा, जिथे केबिन लटकते तिथे.
त्या हाताच्या दोरावर कुणी बसलेलंच नव्हतं!
माझ्यावर खाणीची अख्खी पाळी,
म्हातारी मेदिको, तिच्या टोपलीतली कोंबडी.

धडा मागे नेला. पुन्हा मागे नेला.
याबद्दल हात काही बोलत नाही,
आणि त्याला विचारता येत नाही.
मग पेन्सिल मीच घेतली.
एक ओढ डावीकडे वर, एक उजवीकडे वर,
आणि खाली आम्ही सगळे.
मुलीच्या कोनमापकाला दोऱ्याने नट बांधला,
रिकामी केबिन मोजली, भरलेली मोजली.
नऊ पानं खोडली.
दहाव्यावरचं उत्तर मोजमापाच्या
जवळ आलं. अगदी जवळ नाही. जवळ.

मेदिको म्हणाली, सारखी वर काय बघतेस गं,
तुटणारेय की काय?
म्हटलं, नाही. किती वाकतोय ते बघते.
मग, किती?
सांगितलं. दशांशासकट.
तिने माझ्याकडे पाहिलं, नटाकडे पाहिलं,
टोपली उचलली,
आणि उतरताना, पहिल्यांदाच,
पाऊल जरा जपून ठेवलं.