कळ

शाळेच्या मागच्या भिंतीला पत्र्याची एक पेटी आहे.
डिसेंबरात इथं दुपारी तीनलाच अंधारतं.
मी येते, हातमोजा काढते, कळ दाबते.
पाइनच्या रानात चौसष्ट दिवे
डोळे चोळत उठल्यासारखे
एकामागून एक लागत जातात.
अडीच किलोमीटर. बर्फाखाली लाकडाचा भुसा,
भुशाखाली आमची वर्षं.

टाउनोच्या छातीत कळ आली
तेव्हा तो एकेचाळीसचा, मी एकोणतीसची.
गोठ्यापासून घरापर्यंत तीस पावलं,
त्यातली अकरा चालला. मी नंतर मोजली, बर्फात होती.
दुधाची चरवी सांडली नव्हती.
आधी ती नीट खाली ठेवली,
मग पडला.

त्या हिवाळ्यात गावातला तो चौथा.
पाद्री म्हणाले, देवाची इच्छा.
नर्स हिल्का म्हणाली, लोण्याची.

सात जणी जमलो, बंबाच्या खोलीत, ओल्या होजपायपांच्या वासात.
संस्था काढायची तर आधी वही लागते.
माझं अक्षर बरं, म्हणून मी चिटणीस.
पहिल्या पानावर लिहिलं: कोर्पिवारा आरोग्य मंडळ.
दुसऱ्या पानावर, कोणाचा रक्तदाब किती.
तिसरं पान हिल्कानं फाडलं,
त्यावर कोणाच्या तरी नवऱ्यानं डुकराचं चित्र काढलं होतं.

पुरुष हसले.
चालायचं? कुठं?
माणूस सरपणाला चालतो, जाळ्यांकडं चालतो,
नुसती चालतात ती चुकलेली माणसं.
सगळ्यात मोठ्यानं हसला करवतीच्या कारखान्यातला उर्पो.
आणि एका सकाळी वाटेच्या तोंडाशी
दोन ट्रॅक्टर भुसा पडलेला, ताजा, अजून गरम.
कोणी टाकला, वहीत नोंद नाही.

उर्पो चालायचा, पण अंधारात,
कोणी बघू नये म्हणून.
आम्ही वर्गणी काढून दिवे लावले तेव्हा
महिनाभर बोलला नाही आमच्याशी.
मग पेटीची किल्ली मागून घेतली.
सव्वीस वर्षं त्यानं दिवे लावले.
तो सत्त्याऐंशीव्या वर्षी गेला, झोपेत,
जी चैन आमच्या गावात पूर्वी कोणाला परवडत नसे.

वहीतलं थोडं:
ठराव सहा, वार्षिक जेवणात सॉसेज असावं की नसावं. मतं समसमान.
ठराव नऊ, सॉसेज असावं, पण चालून झाल्यावर.
रानगव्यासारखं एक एल्क वाटेत उभं राहतं, त्याला कोणी ओरडू नये.
आयलीचं वजन लिहू नये, ती वही वाचते.

आता तेवीस सभासद, अठरा जणांची सत्तरी उलटलेली.
नगरपालिकेचं पत्र आलं आहे, फार सभ्य:
विजेचा खर्च, वापर कमी,
दिवे रात्री आठला बंद करावेत,
पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू.
एवढ्या दिव्यांनी किती जण वाचले, असं त्यांनी विचारलंय.
मी काय लिहू?
जे मेले नाहीत त्यांची नोंद कुठल्या रकान्यात करतात?

गेल्या वसंतात माझ्याही छातीत
डॉक्टरांनी काडेपेटीएवढं यंत्र बसवलं.
म्हणजे कळ आता माझ्याकडेही आहे,
फक्त बॅटरीवरची.
टाउनो, तुला हे ऐकून हसू आलं असतं.
तुझं हसणं मला नीटसं आठवत नाही.

आठ वाजले.
हात पेटीत आहे, बोटं गारठलीत.
तळ्यापलीकडच्या वळणावर, त्रेपन्नाव्या दिव्याखाली, कोणीतरी आहे.
चार पावलं, मग खांबाला हात.
परत चार पावलं.
कोट ओळखीचा नाही.
नवा असावा, किंवा घाबरलेला, किंवा दोन्ही.

पत्रात आठ म्हणजे आठ.
त्रेपन्न. चोपन्नाकडं निघालाय.
आऊने, जरा कळ काढ.