एकतीस पॉइंट चार

झारी हिरवी आहे, पाच लिटरची.
पोर्तुगालात, मारिन्या ग्रांदच्या एका कारखान्यात
अकरा वर्षं एकाच साच्यातून पडते आहे,
आणि अजून तिच्याबद्दल कुणी काही बोललेलं नाही.
झारीबद्दल काय बोलणार.

आता कारखान्याला तीस ग्रॅम प्लास्टिक वाचवायचंय.
मूठ जराशी बारीक, चारऐवजी तीन पॉइंट दोन.
साचा काल्देइरा बंधूंचा. त्यांनी आकडा बदलला, एंटर दाबलं,
आणि पडद्यावरचं झाड मुळापासून शेंड्यापर्यंत
लाल झालं.

म्हणून फाइल झुल्मिराकडे आली.
सॉफ्टवेअर कंपनीचा दुसरा मजला, मदतकक्ष, खिडकीबाहेर पाइनची रांग.
खाली पूर्वी काचेच्या भट्ट्या होत्या,
उन्हाळ्यात जमीन अजून त्यांची आठवण काढते
असं इथले लोक म्हणतात.
झुल्मिरा म्हणते, एसी बिघडलाय.

ह्या सॉफ्टवेअरला वस्तू ठाऊक नसते.
त्याला ठाऊक असतं, आधी काय केलं, मग काय केलं.
आधी वर्तुळ. मग त्याला उंची. मग पोखरणं,
कडा गोल करणं, आणि पुन्हा एक कड, जी राहून गेली होती.
एकसष्ट पायऱ्या. चव्वेचाळीस लाल.
एवढ्याशा झारीत शुक्राचार्य नेमके कुठे बसलेत
ते दर्भाच्या काडीनं नाही, माउसनं शोधायचं.

तिनं आडवी रेघ धरली, वर वर ओढत नेली.
भोकं बुजली.
गोल कडा पुन्हा बोचऱ्या झाल्या.
तोटी आत गेली, गोगलगाईच्या शिंगासारखी.
मूठ विरली. तळ गेला.
वाटेत एक बंद ठेवलेली पायरी लागली, नाव: "हे नको".
तिच्यावर आणखी एक: "हेही नको".
कुणाची तरी अख्खी दुपार.

शेवटी उरलं एक वर्तुळ. व्यास एकतीस पॉइंट चार.
नाव: "हात लावू नये".

बाकी सगळं त्याच्यावर टेकलेलं. मुठीचं वळण, तोटीचा कोन,
पाणी भरायच्या तोंडाचा काठसुद्धा.
तीस का नाही? बत्तीस का नाही?
तिनं माणसाच्या तळव्याची मापं काढली,
पाइपांची मानकं ताडून पाहिली,
जेवायची वेळ टळली.
फाइलच्या कोपऱ्यात आद्याक्षरं होती.
फिर्मिनू. काल्देइरांकडे बत्तीस वर्षं, आता निवृत्त,
समुद्राच्या रस्त्याला राहतो, कॅनरी पाळतो.

फोनवर आधी पक्षीच बोलले.
मग तो. "एकतीस चार? थांबा."
बराच वेळ गेला. तिनं पेन उघडून धरलं होतं.
"अहो, त्या दिवशी रॅकवर पोलादाचा एक गज पडून होता,
कुणाच्या तरी रद्द झालेल्या ऑर्डरचा. तेवढ्याच जाडीचा.
वाया कशाला घालवायचा?"
"एवढंच?"
"झारीतून पाणी पडतंय ना?"
"मग 'हात लावू नये' कशाला लिहिलंत?"
"लावला की लाल व्हायचं."

झुल्मिरानं वर्तुळाला हात लावला नाही.
मूठ तेवढी त्याच्यापासून सोडवली,
झोपलेल्या मांजराखालून चादर काढावी तशी,
आणि टेकायला तिला स्वतःची एक रेघ दिली.
मग कडा, एकेक. सत्ताविसावी दोनदा मोडली.
साडेसहाला झाड हिरवं झालं.

कुठेतरी एक रद्द झालेली ऑर्डर
अजून लोकांच्या बाल्कनीत जिरेनियमला पाणी घालते आहे.

तक्रार बंद करताना कारण निवडायचं असतं.
तिनं 'वापरकर्त्याची चूक' निवडलं, खोडलं.
'प्रणालीतील दोष' निवडलं, तेही खोडलं.
मग वर्तुळावरच एक चिठ्ठी डकवली,
पुढच्या कुणाला तरी दिसेल अशी, झाड लाल झाल्यावर:

"त्या दिवशी पोलाद एवढंच होतं.
फिर्मिनूला विचारलंय. पुन्हा फोन करू नका,
पक्षी घाबरतात."