बसूनसाठी तीन मिनिटं

पहिल्या सत्रात फ्यूग लिहायला सांगितली.
मी लिहिली.
द्रोझ्दबाईंनी लाल पेन्सिलीनं चौदा गोल काढले:
समांतर पंचम, समांतर पंचम, पुन्हा समांतर पंचम.
द्रोझ्द म्हणजे कस्तुर पक्षी,
पण बाई कधी शीळ घालत नाहीत,
चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात,
"हे असं चालत नाही."
चालत नाही, तर मग ओलिवाच्या वळणावर
सहा नंबरची ट्राम रोज सकाळी ते कसं काय करते?
विचारलं नाही. गुण हवे होते.

दुसऱ्या सत्रात चौकडी.
ओळी चार, वाजवणारे तीन,
व्हायोलावाली सर्दीनं घरी झोपलेली.
तिची ओळ मी तोंडानंच म्हटली, तीही अर्धी बेसूर.
परीक्षकांतले एक गृहस्थ मान डोलावत म्हणाले,
मानवी आवाज आणण्याची कल्पना धाडसी आहे.

आणि आता हे.
एकट्या बसूनसाठी तीन मिनिटं,
गुरुवारी दुपारी बाराच्या आत.
बेकरीतली पाळी संपवून, केसांतलं पीठ न झटकता
मी रात्रभर बसून बसूनसाठी लिहिलं.
खालच्या हाल्श्काबाई चमच्यानं पाइप ठोकत होत्या,
तीनदा, मग थांबून दोनदा.
त्या रात्री लयीत होतं ते तेवढंच.
संगणक एक सूर गिळून लगेच दुसरा मागायचा,
ना धाप, ना तक्रार,
आणि उजाडता उजाडता मला वाटलं, साधलं!
पाच पानं, काळीभोर,
मुंगीला पाय टेकायला जागा नाही अशी.

बुधवारी तिमोतेउशनं ती स्टँडवर लावली.
हेलच्या कोळ्याचा मुलगा, मनगटं दोरखंडासारखी.
रीड तोंडात भिजवत त्यानं पानं वरपासून खालपर्यंत पाहिली,
आभाळ पाहावं तशी,
आणि काही न बोलता सुरू केलं.
पहिल्या पानावर कान लाल.
दुसऱ्यावर गळ्याची शीर.
तिसऱ्याच्या मध्यावर त्यानं रीड बाहेर काढली,
"योविते, मी श्वास कुठं घेऊ?"

रागावून नाही.
परक्याच्या घरी ओली छत्री कुठं ठेवू
असं विचारतात ना, तसं.

मी पानं पाहिली. खरंच कुठं जागा नव्हती.
संगणकाला फुप्फुसं नसतात हे मला ठाऊक होतं,
जशा पुष्कळ गोष्टी ठाऊक असतात.

मग खोडरबर.
मी खोडत गेले, तो खिडकीच्या कट्ट्यावर
माझे कालचे उरलेले पाव खात राहिला,
मधूनच उठून कागदावर बोट ठेवायचा:
"इथं."
"इथं जरा मोठा."
बोटाचा तुपकट ठसा अजून आहे तिथं.
मधली एक लांब ओळ होती,
जिच्यावर पहाटे चार वाजता मी स्वतःच भाळले होते.
तिच्यावर रबर ठेवलं, तर त्यानं माझा हात धरला.
"ती राहू दे. मी आधी भरून घेईन."

पाचांची अडीच पानं झाली.
खोडलेले सूर राखाडी, दिसायचे थोडे थोडे,
पाटी पुसल्यावर दिसतात तसे.

निकाल: चार. पाच नाही.
खाली द्रोझ्दबाईंचं बारीक अक्षर:
"मधल्या शांतता चांगल्या. आधीपासून मनात होत्या?"
भेटल्यावर मी हो म्हणाले.
जिन्यात तिमोतेउश हसला,
आणि मला मेलीहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या सत्रात ऑर्गन आहे.
त्याला दम लागत नाही म्हणतात.
तरी मी आधी जाऊन विचारणार आहे
भाता कुठं आहे ते.