उरलेले दहा गुण

पाच हजार गुण. तेवढ्यात वीस माणसं बसवायची.
ऋजुताच्या मावसभावानं क्लीव्हलंडहून पाठवलेला खोका,
पत्ते, वीस बाजूंचा फासा, नियमांचं चोपडं,
आणि आमच्यापैकी एकानंही बेसबॉलचा सामना
आजवर डोळ्यांनी पाहिलेला नाही.

कर्वेनगर, पिठाच्या गिरणीवरची माझी खोली,
दर बुधवारी रात्री.
गुरुवारी पाणी येत नाही,
म्हणून आधी बादल्या भरायच्या,
मग संघ.

विहंग काळभोर वही उघडतो.
त्याचं म्हणणं, उंच फटके मारणारा महाग असतो,
पण जो नुसता उभा राहतो, चार वाईट चेंडू सोडतो
आणि फुकट पहिल्या तळावर चालत जातो,
त्याला बाजारात भाव नाही.
‘फुकट’ म्हणताना विहंगचा आवाज मऊ होतो.
असे नऊ चालणारे त्यानं जमवलेत.
कोणी काही मारत नाही, कोणी घाई करत नाही,
आणि सहाव्या डावात बघावं तर तिन्ही तळ भरलेले.
हा स्वतःही असाच, एकेका रिक्षावाल्याचा भाव ऐकत
डेक्कनपासून पायी घरी पोचलेला.

ऋजुता महापालिकेत, पाणीपुरवठ्यात.
ती आधी झेलणारे घेते, अडवणारे घेते.
“धावा नंतर. आधी गळती बंद करा.”

सरोश मिशा बघून माणसं निवडतो.
कॅम्पातून स्कूटरवर मावा केक आणतो,
तेलकट बोटांनी पत्ते उचलतो, शिव्या खातो,
आणि दर तिसऱ्या बुधवारी जिंकतो.
यावर विहंगच्या वहीत दोन पानं आहेत,
निष्कर्ष नाही.

मी?
मला डेल हॅचर लागतो, सातशे वीस.
मला लू कासारेस लागतो, सहाशे नव्वद.
पहिल्या तारखेला मी राजा,
विसाव्या माणसापर्यंत महिनाअखेर.
शेवटी दहा गुण उरतात,
आणि दहा गुणांत खोक्यात एकच माणूस मिळतो.
वॉल्टर प्रुइट.
कोपऱ्यावर ऋजुताच्या लेकीचे दात उमटलेत,
कपाळावर चहाचं अर्धं वर्तुळ.
फोटोत तो कॅमेऱ्याकडे बघतच नाही,
बाजूनं कोणीतरी हाक मारल्यासारखा
चौकटीबाहेर बघतोय.

कॉलेजात आम्हा चौघांनाही
कोणी निवडलं नव्हतं म्हणा.
उशिरा फी भरणाऱ्यांची प्रॅक्टिकलची शेवटची बॅच,
आणि बिघडलेलं ऑसिलोस्कोप.

काल नववा डाव. दोन बाद, एक धाव कमी.
हॅचरसाहेब चारदा येऊन चारदा परत गेलेले.
बाकावर दुसरं कोण असणार?
मी प्रुइटला उभा केला.
सतरा किंवा वर हवेत.

फासा जोरात गेला.
ताटाला लागून, सतरंजी ओलांडून
गॅसच्या टाकीमागे.
सरोश पोटावर झोपला, मोबाइलचा दिवा लावला,
आणि आतूनच म्हणाला,
“एकोणीस.”

खाली गिरणी केव्हाच बंद झाली होती.
बादलीत नळाचे थेंब ऐकू येत होते.
विहंगनं काही न बोलता वही उलटी फिरवली.
‘जमिनीवर पडलेला फासा धरू नये. पुन्हा टाकावा.’
अक्षर माझंच. दोन वर्षांपूर्वीचं.
तेव्हा सरोशचे वीस पडले होते, कपाटाखाली.

पुन्हा टाकला. चार.

पत्ते रबरात गेले, खोका माळ्यावर.
ऋजुता जाताना बादल्यांवर झाकण ठेवायला सांगून गेली.
खालून स्कूटरच्या चार किका, पाचवीला ती पेटली,
आणि त्या आवाजावर आवाज चढवून सरोश,
गल्लीतली कुत्री उठवत,
“ए, प्रुइट देतोस का? माझे दोन मिशीवाले घे!”

मी खिडकीतून म्हटलं, नाही.

“तीन?”